तीन त्रिकोणांचे मास्तर

"कोणी केलं हे? खाली या! सगळे खाली या! आत्ताच्या आत्ता!"

रविवारची सकाळ. जर्मनीत रविवारी भिंतीत एक खिळा ठोकला तर शेजारची म्हातारी खिडकीत येते, दुसरा ठोकला तर पोलीस येतात. हा नियम आमच्याकडून पाठ करून घेतला होता तो आमच्या घरमालकांनीच. आणि आता तेच बागेत उभे राहून असे ओरडत होते की नेकार नदीपलीकडच्या द्राक्षमळ्यातली पाखरं उठली ती थेट फ्रान्सात जाऊन बसली. त्या वर्षी त्या उतारावरची वाइन आंबट झाली असं गावात अजून म्हणतात. म्हणजे, मी म्हणतो.

मी पायजम्यावर जॅकेट चढवून जिना उतरलो. मागोमाग बायको.

"तू काय केलंस?" ती कुजबुजली.

"मी काही नाही. तू?"

"मी काल दह्याचा डबा न धुता प्लास्टिक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला."

"त्याच्यावरून एवढं ओरडतील?"

"ते? ओरडतील."

पण डब्याचा प्रश्न नव्हता. सफरचंदाच्या झाडाखाली, हातगाडीला टेकवून, कमरेएवढा पिवळट वालुकाश्माचा दगड उभा होता. त्यावर एकमेकांत गुंतलेले तीन त्रिकोण कोरलेले होते, हे आम्हाला नवीन नव्हतं. नवीन होतं ते असं, की त्या कोरलेल्या रेघांमध्ये ठासून कुंकू भरलं होतं. मधोमध हळदीचं बोट. माथ्यावर आमच्याच बाल्कनीतलं शेवंतीचं फूल. पायाशी उदबत्ती, आणि वाटीत साखर. साखरेला मुंग्यासुद्धा लागल्या होत्या, आणि त्यासुद्धा, जर्मन असल्यामुळे, रांगेत होत्या.

मागून स्वेटरची बटणं लावत आई आली. तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेली, त्यातला पहिलाच आठवडा.

"काय रे, आवडलं नाही का त्यांना?"

"आई, हे तू केलंस?"

"मग कोण करणार? तूच विमानतळावर म्हणालास, आपलं स्वस्तिक इथे दारावर काढायचं नाही, लोक भलताच अर्थ काढतात. नाही काढलं. मग म्हटलं, इथलं जे असेल ते. या मास्तरांच्या दारावर हेच, किल्लीच्या जुडग्यात हेच, खिडकीच्या पडद्यावर हेच. म्हणजे कुलदैवतच ना यांचं? घरात बाईमाणूस नाही, बिचारा देव वर्षभर उघड्यावर कोरडा उभा."

पण तो देव नव्हता. तो मास्तरांच्या बायकोच्या कबरीचा दगड होता.

आता मास्तर कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मास्तर म्हणजे गावच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवून निवृत्त झालेले आमचे घरमालक. 'उभा जन्म' मी अक्षरशः म्हणतो. हा माणूस बसत नसे. कॉफी खिडकीशी उभ्याने, वर्तमानपत्र जिन्यात उभ्याने, रिकाम्या ट्रेनमध्ये दांड्याला धरून उभे. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर ते राहत, आणि पहाटेपासून त्यांच्या चालण्याचा आवाज सुरू होई: खिडकी ते दार, दार ते खिडकी. आमच्या छताला त्या वाटेने बाक आला होता. दिवा त्यांच्या फेरीबरोबर डोलायचा. पाहुण्यांना वाटे, भूकंप. आम्ही सांगायचो, नाही, इतिहास.

घर भाड्याने मिळालं त्याची गोष्ट तर ऐकाच. नेकारसुल्मच्या आसपास घर शोधणं म्हणजे काय, हे ज्याने शोधलंय त्यालाच माहीत. मी मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. पगाराचे कागद, बँकेचे कागद, जुन्या मालकाचं शिफारसपत्र, सगळी फाइल छातीशी धरून आम्ही निम्मी दक्षिण जर्मनी पायाखाली घातली होती. प्रत्येक ठिकाणी आमच्या आधी चाळीस जण जिन्यात. इथे आलो, तर मास्तरांनी फाइलीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या नाकासमोर धरला. जुडग्याला पितळी तीन त्रिकोण.

"इंजिनिअरसाहेब, हे काय आहे?"

मला घर हवं होतं. मी ट्रेनमध्ये फोनवर बरंच काही वाचत असे. मी छाती काढून सांगितलं, "वायकिंग लोकांचं चिन्ह! वाल्कनूट. शौर्य, सामर्थ्य, युद्धात पडलेल्या वीरांची गाठ. ओडिन देवाचं."

"काइन बेलेग!"

टेबलावर पट्टी आपटावी तसे ते दोन शब्द आले. पुरावा नाही. मला आयुष्यात त्यांच्याकडून पुढे हेच दोन शब्द सर्वांत जास्त ऐकायला मिळणार होते.

मग त्यांनी जुडगा बायकोसमोर धरला. "आणि तुम्ही?"

बायको दिवसभराच्या वणवणीने वैतागलेली. "माहीत नाही," ती म्हणाली.

"गेनाऊ!" मास्तर गरजले. "अगदी बरोबर! घर तुमचं." भाडेकरारावर तिचं नाव वर आहे, माझं खाली. आजही घरी वाद झाला की ती तो करार काढून दाखवते.

त्यांचं म्हणणं साधं होतं, फक्त ते सांगायला ते दीड तास घ्यायचे, आणि तेवढा वेळ समोरच्यालाही उभं राहावं लागायचं. उत्तरेकडे समुद्रात गोटलँड नावाचं बेट आहे. तिथे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे चित्रांचे दगड आहेत. दगडावर घोडेस्वार, शिडाची जहाजं, झाडाला लटकलेला माणूस, गरुड, आणि कुठेतरी मधेच हे तीन त्रिकोण. खाली नाव नाही, टीप नाही. वाल्कनूट हे नावसुद्धा मागच्या लोकांनी चिकटवलं, तेही उत्तरेकडच्या कापडावरच्या आणि लाकडावरच्या नक्षीकडून उसनं आणून. कोणी म्हणतं, ओडिन माणसाचं मन बांधतो आणि सोडतो त्याची ही गाठ. कोणी म्हणतं, मेलेल्या योद्ध्यांची खूण. कोणी म्हणतं, जुन्या कथांमध्ये एका राक्षसाचं काळीज दगडाचं आणि तीन टोकांचं होतं, ते हे.

"सगळं शक्य आहे!" मास्तर हात हवेत फेकायचे. "पण ज्याने छिन्नी धरली त्याला सांगावंसं वाटलं नाही! त्याचं त्याला ठाऊक! आणि आज शर्ट विकणाऱ्या पोराला मात्र नक्की माहीत! कुठून? काइन बेलेग!"

एकदा त्यांच्याबरोबर हाइलब्रॉनला निघालो होतो. डब्यात एक मोटारसायकलवाला बसलेला. माणूस कसला, दोन दारी फ्रिज. दंडावर गोंदलेलं आठ काट्यांचं चक्र, प्रत्येक काट्याला वेगळा फाटा. मास्तरांच्या नजरेला ते पडलं आणि मी पुढच्या स्टेशनात उतरायची तयारी केली. पण त्यांनी माझी बाही धरली.

"तरुण माणसा," ते फ्रिजला म्हणाले, "तुझा हात खोटं बोलतोय."

"काय?"

"हे वेगवीसिर. वाट दाखवणारं. वायकिंगांचं होकायंत्र म्हणून गोंदवलंस ना? वायकिंगांनी हे जन्मात पाहिलं नाही! हे आइसलँडमधल्या एका हस्तलिखितातलं. ते कागदावर उतरलं तेव्हा आपल्याकडे आगगाड्या धावत होत्या! या गाडीची आजी तुझ्या चिन्हापेक्षा मोठी आहे!"

फ्रिज उठला. मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं. तो मास्तरांच्या अंगावरून थेट दाराकडे गेला आणि गाडी थांबताच उतरला. दार लागल्यावर आम्ही काचेतून पाहिलं, तो फलाटावर उभा राहून गोंधळून पाट्या वाचत होता. चुकीचं स्टेशन. दंडावर वाट न चुकण्याचं चिन्ह घेऊन.

मास्तरांच्या बायकोला मी जेमतेम वर्षभर ओळखलं. तेही बरंचसं छतातून. मागच्या खोलीत त्यांचा हातमाग होता. खट-खट, खट-खट, आणि त्यावर त्यांचा घोगरा आवाज. नवऱ्याचं आयुष्य अर्थ नाही असं सांगण्यात गेलं होतं. बाईंचं, रोज एक नवा अर्थ लावण्यात.

"आज कळलं!" त्या मागावरून ओरडायच्या. "तीन माणसं आणि एकच रजई!"

"काइन बेलेग!" स्वयंपाकघरातून उत्तर.

"आज कळलं! तू, मी आणि तुझी आई!"

"काइन बेलेग!"

"आज कळलं! एक मोजा सापडतो, दुसरा सापडतो, तिसरा कुठला ते कोणालाच माहीत नाही!"

लग्न झाल्यावर दोघं गोटलँडला गेले होते, तिथे पावसात दगडासमोर छत्री धरून हा वाद सुरू झाला, तो थांबलाच नाही. आमच्याकडे सकाळी आकाशवाणी लागत नसे, हेच लागे. मग एका हिवाळ्यात बाई दवाखान्यात गेल्या. माग थांबला. त्यानंतर वर फक्त चालणं उरलं.

दगड मास्तरांनी आधी कोरून घेतला आणि परवानगी मागून मागितली. जर्मन माणसाने असं करणं म्हणजे आपल्याकडे मुंज व्हायच्या आधी लग्न लावण्यासारखं. इथल्या फ्रीडहोफात, म्हणजे दफनभूमीत, दगड किती उंच, किती जाड, कोणत्या रंगाचा, सगळ्याला नियम. कार्यालयाने सांगितलं, हे चिन्ह अलीकडे नव-नाझी वगैरे वाईट लोक शर्टावर मिरवतात. तेव्हा तुमच्या दगडावर ते कशासाठी, त्याचा अर्थ काय, ते कळवा. शांती म्हणा, पुनर्जन्म म्हणा, काहीही चालेल.

"काहीही चालेल!" मास्तर तो शब्द चावून थुंकत. "तिच्या डोक्यापाशी मी खोटं उभं करू? अर्थ माहीत नाही, हाच त्याचा अर्थ आहे!"

"अहो, एक ओळ लिहून टाका," मी एकदा म्हणालो. "त्यांना हवं ते लिहा, आपलं काम करून घ्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून जिना झाडला.

म्हणून कबरीवर पहिल्या दिवसांत लावतात तो लाकडी क्रूस वर्ष उलटून गेलं तरी तसाच, पावसाने काळा पडून एका बाजूला कललेला. आणि दगड बागेत. तोही एका जागी नाही. मास्तरांना तो समोर नको असे आणि नजरेआड तर अजिबात नको असे. मग हातगाडीवर घालून सफरचंदाखाली, तिथून गॅरेजमागे, तिथून कुंपणाशी. बागेत चाकांच्या चाकोऱ्या पडल्या होत्या. माझी खात्री आहे, त्या वर्षात तो दगड पायी हाम्बुर्गला जाऊन परत आला असता. कार्यालयाचं शेवटचं पत्र आलं होतं: येत्या गुरुवारी आमच्या बाई स्वतः येऊन दगड पाहतील. त्या नाही म्हणाल्या तर चिन्ह रद्द, साधा दगड लावा.

आणि त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी आईने त्याला कुंकू लावलं.

तर आता बागेत परत. मास्तरांचा चेहरा कुंकवापेक्षा लाल. मी भाषांतर करत होतो. म्हणजे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं गाळत होतो. आईला दगड कशाचा ते सांगितलं, तशी तिने दोन्ही गालांवर हात मारून घेतले.

"अगं बाई! सवाष्ण गेली का?"

"हो."

"मग कुंकू लावलं ते बरोबरच केलं मी," आई म्हणाली आणि मोकळी झाली.

हे मी कसं सांगणार? मी म्हणालो, "आई माफी मागते आहे."

"तिला विचार," मास्तर म्हणाले, "लाल का? आणि रेघेच्या आत का?"

"दगड कोरडा ठेवू नये," आई म्हणाली. "आणि बाहेर लावलं तर ओघळतं."

मी जसंच्या तसं सांगितलं. मास्तर वळले. कुंपणापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. चाकोरीतूनच. मला घर खाली करायची नोटीस दिसायला लागली. बायकोने माझा हात घट्ट धरला, बहुधा तिलाही दिसत असावी. तिसऱ्या फेरीला ते थांबले.

"ते जुने दगडही रंगवलेले असत," ते हळू आवाजात म्हणाले. हळू म्हणजे, शेजारच्या गल्लीपर्यंतच. "लाल रंग सापडलाय. याला पुरावा आहे." मग आईकडे न बघता: "तिला काय वाटलं, अर्थ काय असेल?"

आईने दगडाकडे मान तिरकी करून पाहिलं. "तीन जावा, एक स्वयंपाकघर."

तीन भावांच्या तीन बायका आणि चूल एकच, असं मी समजावून सांगितलं. मास्तरांच्या तोंडावर शिंक येण्याआधी येतं तसलं काहीतरी आलं. दोन हिवाळ्यांत मी ते पाहिलं नव्हतं.

"काइन बेलेग!" ते ओरडले. पण असं, की शेजारची म्हातारी खिडकीतून हसून आत गेली.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तर आई बाल्कनीत. खाली मास्तर हातगाडी ढकलत. "अहो मास्तर!" आईने मराठीत हाक मारली. "पुणं, मुंबई आणि मधला घाट!" आणि मला, "सांग रे त्यांना." सांगितलं. "काइन बेलेग!" मंगळवारी, "सासू, सून, आणि मधे उभा हा गाढव!" हे मी 'कुटुंब' असं भाषांतर केलं. "काइन बेलेग!" बुधवारी माझी मीटिंग होती तर दोघंही मला फाटकापर्यंत सोडायला तयार होईनात. आमच्या कारखान्यात तेव्हा कोणाची खुर्ची राहणार, कोणाची जाणार, याच्या रोज नव्या बातम्या होत्या, आणि मी बॉसला फोनवर सांगत होतो, उशीर होईल, मी एका प्राचीन चिन्हात अडकलोय.

आईला तीन महिन्यांत जर्मन आलं ते एवढंच. 'बिटे' म्हणजे कृपया नाही, 'डांके' म्हणजे धन्यवाद नाही. हे दोन शब्द.

गुरुवार उजाडला. कुंकू निघालं नव्हतं. मी ब्रशने घासलं, व्हिनेगर लावलं. वालुकाश्म आणखी प्यायला. मास्तर म्हणाले, "राहू दे." त्यांनी टाय लावला होता आणि ते पहाटेपासून बागेत चालत होते. मी सुट्टी टाकली होती. त्यांना सांभाळायला की आईला, ते मलाही ठरवता येत नव्हतं.

कार्यालयाच्या बाई आल्या. तिशीच्या, दमलेल्या, सरळ स्वभावाच्या वाटल्या. हात पुढे केला तशी बाही मागे सरली. मनगटावर गोंदलेलं आठ काट्यांचं चक्र. वेगवीसिर.

सगळ्या जर्मनीत नेमकी हीच बाई? मास्तरांनी हात हातात घेतलेला, डोळे मनगटावर, मानेची शीर टायच्या वर थडथडतेय. बाईंनी फाइल उघडली.

"तर, दगड छान आहे. लाल रंग कशाचा ते मी विचारत नाही. मला फक्त एवढं सांगा, या चिन्हाचा अर्थ काय? एक वाक्य. मला मदत करायची आहे."

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं, एवढं तरी?"

"मला काय वाटतं याचा काय संबंध! कोणालाच माहीत नाही!" आणि मग गोटलँड, घोडेस्वार, गरुड, उसनं नाव, राक्षसाचं काळीज. सगळं. बाई घड्याळाकडे बघू लागल्या.

"मग मी काय लिहू? अर्थ नाही असं लिहिलं तर कमिटी नाहीच म्हणेल. मला खरंच वाईट वाटतंय." त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

मास्तरांनी त्या टोपणाकडे पाहिलं. मग मनगटाकडे. "तुमच्या हातावर ते काय आहे?"

झालं. मी डोळे मिटले.

"हे? वेगवीसिर. वडील गेले तेव्हा काढून घेतलं. वाट चुकू नये म्हणून."

मास्तर चालायला लागले. कुंपणापर्यंत. परत. पुन्हा कुंपणापर्यंत. त्यांचे ओठ हलत होते. समोर आल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे. ज्याच्याजवळ हे असेल तो वादळातही वाट चुकत नाही, असंच त्या हस्तलिखितात आहे. याला पुरावा आहे." बाई हसल्या. मी डोळे उघडले. मास्तर पुन्हा कुंपणाकडे निघाले, अर्ध्यात थांबले, आणि त्यांना राहवलं नाही. "पण वायकिंगांचं नाही ते!"

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "गोंदवणाऱ्याला मीच सांगितलं."

एवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. पाहुणा उभा ठेवायचा नाही हा तिचा कायदा. तो मास्तरांच्या बागेत मोडला जात होता म्हणून ती आधीच रागात. ट्रेवर कपाखाली एक विणलेला पट्टा होता. आमच्या घरातल्या जुन्या कपाटाच्या खणात तसले ढीगभर होते, मालकीणबाईंच्या मागावरचे. पांढऱ्यावर निळ्या धाग्याने, टोकापासून टोकापर्यंत, तीन त्रिकोण, तीन त्रिकोण, तीन त्रिकोण.

बाईंनी कप उचलला, मग पट्टा उचलला. "हे कोणी विणलं?"

"तिने," मास्तर म्हणाले.

"नेहमी हेच?"

"जन्मभर."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मग मी असं लिहिते: दिवंगत विणकर होत्या, दगडावर त्यांच्या विणकामाचा नमुना." त्यांनी वर पाहिलं. "हे खरं आहे का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं की आवाज बाहेर आला नाही. त्यांनी पट्टा हातात घेतला, पुस्तकातली ओळ तपासावी तसा बोटाने तपासला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पुरावा आहे," ते म्हणाले.

आणि मागे झाडाखाली एक ओली बाग-खुर्ची होती, तिच्यावर बसले. बसले! मी बायकोला ऑफिसात फोन करून सांगितलं. तिने विचारलं, "डॉक्टरला बोलावलंस का?"

दगडावर नाव कोरलं गेलं आणि तो उभा राहिला तेव्हा आईचं परतीचं विमान दोन दिवसांवर होतं. आम्ही तिघं फ्रीडहोफात गेलो. मी, आई, मास्तर. काळा पडलेला क्रूस काढला होता. पाऊस झाला होता तरी रेघांमधलं लाल तसंच. आजूबाजूला लोक झाऱ्यांनी आपापल्या फुलांना पाणी घालत होते, अगदी बेतशीर, आवाज न करता.

मास्तर कबरीच्या या बाजूने त्या बाजूला, त्या बाजूने या बाजूला. माती नवी होती, त्यांच्या बुटांनी तिथेही चाकोरी पडायला लागली. मग एकदम थांबले, दगडाकडे तोंड करून.

"आज कळलं!" ते ओरडले.

झाऱ्या थांबल्या.

"एक आडवी, दोघं उभे, आणि गाठ तशीच!"

आणि मान थोडी वाकडी करून ते थांबून राहिले. जिन्यात उभं राहून मागच्या खोलीकडे कान लावावा तसे. दगडाच्या मागे एक काळा पक्षी पानं उलथीपालथी करत होता. ते थांबूनच राहिले.

मी आईला हळूच भाषांतर करून सांगितलं. दोघं म्हणजे ते आणि ती; दुभाष्याला कोणी मोजत नाही. या वेळी काही गाळलं नाही.

आईने पदर सावरला. बाजारात वांगं घेताना बघते तसं दगडाकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"काइन बेलेग," ती म्हणाली.